आज कुणाचा दिवस?

मावशींकडं तुम्ही उलथनं मागा, कलथा मागा नाहीतर सराटा मागा, त्या मान वर न करता तीच एक वस्तू तुमच्या हातात ठेवणार. तव्यावरचं उलटायचं, एवढंच तर तिचं काम. तिला नावं किती का असेनात, ती बापडी कधी तक्रार करत नाही. तक्रारी माणसांच्या असतात.

एका कारखान्याच्या कँटीनमध्ये मावशींचा जन्म गेला. म्हणजे जन्मल्या दुसरीकडं, पण जगल्या तिथंच. नवरा त्याच कारखान्यात माल चढवायच्या कामावर होता. तो एका अपघातात गेला आणि साहेबांना दया आली म्हणून त्यांनी त्याच्या बायकोला कँटीनच्या शेगडीपुढं उभं केलं. दयेचेही प्रकार असतात, त्यातला हा एक. काखेत नुकतं चालायला लागलेलं पोर आणि पुढ्यात शंभर-सव्वाशे माणसांचं जेवण. रडायला सवड नव्हती, ते एक बरं झालं.

कारखान्यात माणसं चारी दिशांनी यायची. डोंगराकडची, नदीपलीकडची, समुद्राकाठची, कोरड्या माळावरची. भाषा सगळ्यांची एकच, असं म्हणायचं. पण स्वयंपाकघराच्या दाराशी आली की एकजण पातेलं म्हणायचा, दुसरा भगुलं, तिसरा टोप, चौथा गंज, आणि प्रत्येकाला वाटायचं की बाकीचे तिघे अडाणी. नव्या माणसाच्या तोंडून त्याच्या घरचा शब्द निघाला की सगळं कँटीन फिदीफिदी हसायचं. मग तो नवा पोरगा कानाला खडा लावायचा आणि महिनाभर नुसतं बोट दाखवून जेवायचा.

असाच एक फिटर आला. समुद्राकडचा, कोवळा, ओठावर जेमतेम मिसरूड. ताट पुढं घ्यायचा, दोन घास चिवडायचा आणि उठायचा. मावशी दोन-चार दिवस बघत राहिल्या. मग एका दुपारी त्यांनी हातातली वस्तू त्याच्या नाकापुढं धरली.

"काय रे, तुमच्याकडं याला काय म्हणतात?"

"कलथा," तो म्हणाला, आणि आता हसतील म्हणून खाली मान घालून बसला.

मावशी मागं वळल्या आणि भांडीवाल्यापासून वाढप्यापर्यंत सगळ्यांवर ओरडल्या, "ऐकलंत का रे? आज दिवसभर कलथा! आज याचा दिवस आहे. जो उलथनं म्हणेल त्याचा चहा बंद."

त्या दिवशी फिटरनं तीनदा भात मागून घेतला. शेवटचा भात घेताना त्याचे डोळे भरले होते, पण मावशी म्हणाल्या, कांद्याचा वास लागला असेल, आणि त्यांनी दुसऱ्या पंगतीकडं मोर्चा वळवला.

तेव्हापासून तो रिवाजच पडला. नवा माणूस आला की पहिल्या दिवशी मावशी एखादी वस्तू उचलून विचारणार, तुमच्याकडं काय म्हणतात, आणि दिवसभर अख्खं कँटीन त्याच्या शब्दानं बोलणार. क्रेनवाल्याच्या दिवशी भगुलं. रात्रपाळीच्या उंच पहारेकऱ्याच्या दिवशी गंज. त्याच्या नावावर सराटाही लागला, कारण तो दोनदा रुसला होता आणि त्याला दोन दिवस द्यावे लागले. पुढं पुढं असं झालं की शब्द निघाला की मावशींच्या डोळ्यांपुढं वस्तू नंतर यायची, माणूस आधी. भगुलं म्हटलं की क्रेनवाल्याचं गुणगुणणं. गंज म्हटलं की पहारेकऱ्याचे दाराच्या चौकटीला टेकणारे केस.

एकदा फिटरनंच विचारलं होतं, "मावशी, तुमचा दिवस कधी?"

"मी कुठं नवी आहे?" मावशी म्हणाल्या. "मी इथलीच."

हे खरं नव्हतं. मावशीही कुठून तरी लांबूनच आल्या होत्या. त्यांच्या आईचे शब्द त्यांच्याजवळही होते, पण सगळ्यांना वाढणारं माणूस शेवटी जेवतं, आणि बरेचदा तोवर भांडी रिकामी झालेली असतात.

कारखाना बंद पडला. बंद पडायला एक आठवडा पुरला. माणसं जिकडून आली होती तिकडं गेली, काही त्याहून लांब गेली. क्रेनवाला वारल्याचं कळलं. पहारेकऱ्याचं काहीच कळलं नाही. मावशी मुलाकडं आल्या, तिसऱ्या मजल्यावर, दोन खोल्या आणि एक गॅलरी. मुलगा लिफ्ट दुरुस्त करणाऱ्या कंपनीत होता आणि सून दातांच्या दवाखान्यात फोन घ्यायला बसायची. दिवसभर गोड आणि शुद्ध बोलून तिचा जबडा दुखायचा, म्हणून घरी ती थोडंच बोलायची. वाईट नव्हती. कुणीच वाईट नव्हतं त्या घरात, आणि म्हणूनच कुणाला धरून भांडता येत नव्हतं.

मग नात झाली. नाक शर्टाच्या बटणाएवढं, म्हणून तिला सगळे बटण म्हणायचे. आईबाप कामावर, आजी आणि बटण घरात. मावशींना पुन्हा एक नवा माणूस मिळाला, आणि नवा माणूस आला की काय करायचं, हे त्यांना एकच ठाऊक होतं.

रोज सकाळी बटण डोळे चोळत स्वयंपाकघरात यायची आणि विचारायची, "आजी, आज कुणाचा दिवस?"

"आज क्रेनवाल्या काकांचा."

"मग भगुलं!" आणि दिवसभर त्या घरात भगुलं. दूध भगुल्यात, पाणी भगुल्यात, बाहुलीची अंघोळही भगुल्यात. दुसऱ्या दिवशी फिटरकाकांचा कलथा. बटणला ही सगळी माणसं सख्ख्या काकांसारखी पाठ झाली. फिटरकाकांनी जास्त भात खाऊ नये, पोट दुखेल, अशी तिला काळजी वाटायची. मावशी पोटभर हसायच्या. त्या तीन-चार वर्षांत त्या जेवढं बोलल्या तेवढं आयुष्यात बोलल्या नसतील. कारखान्याला कुलूप लागलं होतं, पण कँटीन चालू होतं.

बटणनं घरात पहिल्यांदा "सराटा" म्हटलं तेव्हा सून भाजी परतत होती. तिचा हात थांबला. "हे कुणी शिकवलं?" तिनं विचारलं. "पहारेकरीकाकांनी," बटण म्हणाली. सून पुन्हा भाजी परतायला लागली, जरा जोरातच. मावशींनी ते पाहिलं, पण त्याचा अर्थ त्यांना लागला नाही.

मग शाळा आली. घराजवळ बरी म्हणावी अशी एकच शाळा, आणि तिथं आत घ्यायच्या आधी मुलाला चित्रं दाखवून विचारायचे. आईबाप आत बसले. मावशी बाहेर बाकावर, मांडीवर बटणची पाण्याची बाटली. दार अर्धं उघडं होतं.

"बाळ, हे काय आहे?" आतल्या बाईंनी विचारलं.

बटणनं जरा विचार केला असावा. मग तिचा स्वच्छ आवाज आला, "आज कुणाचा दिवस आहे?"

"आज ना? आज मंगळवार."

"तसा नाही हो. क्रेनवाल्या काकांचा असेल तर भगुलं. पहारेकरीकाकांचा असेल तर गंज. फिटरकाकांचा असेल तर टोप. कुणाचा ते सांगा, मग मी सांगते."

बाहेर मावशींना अभिमानानं भरून आलं. पोरीनं एकही चुकवला नव्हता. आत काही वेळ कागद सरकवल्याचा आवाज आला. दुसरं चित्र दाखवलं. "हे पण कुणाचं ते सांगा ना," बटण म्हणाली. तिसरं दाखवलं. मग बाई समजुतीच्या सुरात आईबापांना म्हणाल्या, "वस्तूंबद्दल तिचा जरा गोंधळ आहे. यंदा नको, पुढच्या वर्षी बघू. एखाद्या डॉक्टरांना दाखवलंत तर बरं. दिवसभर तिच्याजवळ घरी कोण असतं?"

मावशींनी बाटलीचं झाकण घट्ट बसवलं. ते आधीच घट्ट होतं.

त्या संध्याकाळी मुलगा गॅलरीत येऊन आईशेजारी उभा राहिला. कँटीनच्या पोत्यांवर झोपून मोठा झालेला हा मुलगा. याचा पहिला दात पडला तो पहारेकऱ्याचं बोट चावताना.

"आई, तिच्याशी बोल तू. बोलू नको असं नाही," तो म्हणाला. "फक्त वस्तूंची नावं घेऊ नकोस. थोडे दिवस."

म्हणजे चाल, पण जमिनीला पाय लावू नकोस. मावशी "बरं" म्हणाल्या. चूक त्यांचीच होती, असं त्यांना मनापासून वाटत होतं. पोरीचं वर्ष आपल्यापायी गेलं, हे त्यांना रात्रभर टोचत राहिलं.

मुलगा जाता जाता आणखी एक सांगून गेला. सून शिकायला घरापासून लांब वसतिगृहात राहिली होती. पहिल्याच दिवशी जेवणघरात तिनं सहज म्हटलं, सराटा कुठं आहे? तेव्हापासून ते शिक्षण संपेपर्यंत पोरी तिला सराटा म्हणूनच हाक मारत. जिन्यात, वर्गात, न्हाणीघराच्या दारावर लिहूनसुद्धा. म्हणून ती बटणला जपते, आई. बाकी काही नाही.

मावशींना गलबलून आलं. पोरी, तू आमच्या कँटीनला आली असतीस तर! पहिल्याच दिवशी तुझा दिवस केला असता आणि कुणाची हसायची छाती झाली नसती. हा विचार त्यांच्या डोक्यातून जाईना. मग आपण आता केला तर? उशीर झाला, पण दिवस तो दिवस. दोन दिवसांनी सून तव्यापाशी उभी असताना मावशी हसऱ्या तोंडानं पुढं झाल्या आणि म्हणाल्या, "सूनबाई, आज तुझा दिवस. तो सराटा दे गं जरा इकडं."

सुनेनं गॅस बंद केला. ती मावशींकडं वळली.

"आई, तुम्हीसुद्धा?" एवढंच म्हणाली आणि आतल्या खोलीत जाऊन तिनं दार लावून घेतलं.

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हे. दाराबाहेर उभं राहून मावशींनी समजावून सांगायचा प्रयत्न केला, पण सांगायला गेलं की मधे तोच शब्द यायचा. शेवटी त्या मुकाट्यानं परत आल्या आणि तव्यावर जे होतं ते उलटलं. एक बाजू करपली होती.

त्यानंतर त्यांनी नावं घेणं खरोखर सोडलं. "ते दे." "ते नव्हे, ते." "त्याच्यावर ते ठेव आणि ते बंद कर." बटणला आधी मजा वाटली, मग ती कंटाळली. नुसत्या "ते"शी कोण किती वेळ खेळणार? सुनेनं घरात नियम केला. बटणला काही हवं असलं की मोठ्यांनी ते हातात वर धरायचं आणि म्हणायचं, नीट म्हण, मग देते. पॅन. बाउल. स्पॅच्युला. बटण नीट म्हणायची आणि वस्तू मिळायची. चुकली तर आई रागवायची नाही. गालाला हात लावून म्हणायची, असू दे, उद्या येईल तुला. हे सगळं प्रेमानं चालायचं, हे मुद्दाम सांगितलं पाहिजे.

सकाळी डोळे चोळत येऊन बटण अजून विचारायची, आज कुणाचा दिवस? मावशी म्हणायच्या, आज कुणाचाच नाही. मग एका सकाळी तिनं विचारलं नाही. मावशी हातातलं काम बाजूला ठेवून थांबल्या. दुसऱ्या दिवशीही थांबल्या. मग समजल्या.

पुढच्या वर्षी शाळेनं बटणला घेतलं. सगळी चित्रं तिनं धडाधड सांगितली. मुलानं पेढ्यासारखं गोड तोंड करून आईला बातमी दिली आणि मावशी खऱ्याखुऱ्या आनंदल्या. नात शहाणी निघाल्याचा आनंद कुणाला होत नाही? फक्त त्या दुपारी घरात दोघीच असताना त्यांना राहवलं नाही. त्यांनी तव्याजवळची ती जुनी वस्तू उचलली आणि हळूच विचारलं, "बटणे, हे कुणाचं गं?"

"आपलंच ना," बटण म्हणाली. "किचनमधलं."

"फिटरकाका आठवतात का तुला?"

"कोण फिटरकाका?"

मावशींनी ती वस्तू जागेवर ठेवली. फिटरला त्यांनी स्वतः जेवू घातलं होतं. क्रेनवाला तर मेलाच होता. पण जिवंत असो की मेलेला, या घरात ते सगळे अजून येत-जात होते, अशी त्यांची समजूत होती. आता कळलं की कुणीच येत नव्हतं. एकट्या म्हातारीच्या डोक्यात तेवढी ती शंभर-सव्वाशे माणसं गर्दी करून उभी होती, आणि ती गेली की सगळी एकदम जाणार. त्या रात्री त्या जेवल्या नाहीत. कुणी विचारलं नाही असं नाही, विचारलं. भूक नाही म्हणाल्या.

हळूहळू "ते"सुद्धा कमी झालं. नावाशिवाय मागायचं म्हणजे दहा हातवारे आणि तीन गैरसमज. त्यापेक्षा न मागणं सोपं. पाणी हवं असलं तर उठून घ्यायचं, उठवत नसलं तर तहान दाबायची. लोक म्हणायचे, आई शांत झाल्या आहेत.

थंडीचे दिवस होते. मावशींना ताप भरला. सकाळी गोळी देऊन मुलगा आणि सून कामावर गेले, शेजारणीला लक्ष ठेवायला सांगून. बटण दुपारी शाळेतून आली, तिनं दप्तर ठेवलं, आजीच्या कपाळाला मोठ्या माणसासारखा हात लावून पाहिला. मावशींना हुडहुडी भरली होती. दात वाजत होते. तापात माणूस मागं जातो, तशा त्या मागं मागं गेल्या; कारखान्याच्याही मागं, लग्नाच्याही मागं, आईच्या घरी. आणि कधी नव्हे ते त्यांच्या तोंडून त्यांचा स्वतःचा शब्द निघाला, ज्याचा दिवस कधी कुठं झाला नव्हता.

"बटणे, माझी वाकळ दे गं."

वाकळ कपाटाच्या खालच्या कप्प्यात होती. मावशींनीच शिवलेली, कँटीनमधल्या माणसांच्या फाटक्या निळ्या शर्टांची. आजी कुडकुडते आहे आणि तिला काय हवं आहे, हे बटणला बरोबर समजलं. ती धावत गेली, दोन्ही हातांत न मावणारं ते पांघरूण ओढत घेऊन आली आणि कॉटपाशी येऊन थांबली. ते तिनं छातीशी धरलं आणि हसली.

"आजी, नीट म्हण, मग देते."

मावशी बघत राहिल्या. पोरीच्या डोळ्यांत लबाडी नव्हती. तिच्या आईनं तिच्यावर जेवढी माया केली होती तेवढीच ती आजीवर करत होती, त्याच शब्दांत. मावशींनी आठवायचा प्रयत्न केला. गोधडी आली, ती भांडीवाल्याची होती. लेवा आला, तो क्रेनवाल्याच्या बायकोचा, ती एकदा डबा घेऊन आली होती तेव्हाचा. दुलई आली. एकेका शब्दामागं एकेक माणूस येऊन कॉटभोवती उभं राहिलं, पण या घरातला तो एक शब्द काही येईना.

"येत नाही?" बटणनं विचारलं. मग तिनं जवळ येऊन आजीच्या गालाला हात लावला. "असू दे. मी इथंच ठेवते हां. आठवलं की सांग."

तिनं वाकळेची नीट घडी घातली, समोरच्या खुर्चीवर ठेवली, आणि ती बाहेरच्या खोलीत चित्र रंगवायला गेली. खुर्ची चार पावलांवर होती. मावशींना उठवत नव्हतं.

मग तो शब्द आठवला. ब्लँकेट. अगदी सोपा होता. सुनेच्या तोंडून शेकडो वेळा ऐकलेला. हाक मारून तेवढं म्हटलं असतं तर पोर उड्या मारत आली असती, तिनं अंगावर घातलं असतं, वरून शाबासकी दिली असती. मावशींनी तो शब्द जिभेवर आणला. खुर्चीवरच्या निळ्या घडीकडं पाहिलं. आणि तोंड मिटून, गुडघे पोटाशी घेऊन त्या पडून राहिल्या.

थोड्या वेळानं बटण दारात आली. बोटांना रंग लागला होता.

"आजी, आठवलं?"

"नाही गं," मावशी म्हणाल्या.

"उद्या येईल तुला," बटण म्हणाली, आणि परत चित्राकडं गेली.